कर्मचाऱ्यांची करमणूक

सूचनाफलकावरची ती सूचना माझ्याच हातची होती, हे मी पहिल्या दिवसापासून कबूल करत आलो आहे. तरीही आमच्या नर्सिंग होममध्ये अजून कोणी ना कोणी मला जिन्यात गाठतं, ‘साहेब, ते तुम्हीच लिहिलं होतं ना?’ म्हणून विचारतं आणि तोंडावर हात ठेवून पुढे जातं. माणसाने तीस वर्षं शुद्ध लिहावं, जावक रजिस्टरमध्ये एक काना इकडचा तिकडे होऊ देऊ नये, आणि शेवटी त्याचं नाव व्हावं ते एका ‘ची’मुळे. असो.

नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचं नव्हे. तशा चौकशीचे फोन आठवड्याला दोन-तीन येतात, आणि ‘आमच्याकडचा सगळ्यात लहान पेशंट अडुसष्ट वर्षांचा आहे’ असं सांगितलं की पलीकडचा होणारा बाप गप्प होतो. आमच्याकडे म्हातारी माणसं असतात. उठवायला, बसवायला, भरवायला कोणीतरी लागतं अशी. खाली बावीस खाटा, वर अठरा. मी कार्यालय अधीक्षक. म्हणजे एक टेबल, दोन कपाटं, टेलिफोन आणि सगळ्यांच्या तक्रारी. वरच्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर माझी सख्खी आत्या आहे. आईमागे तिनेच मला वाढवलं, पण त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, कारण ती हे वाचणार आहे. रोज दुपारी एक वाजता मी माझा डबा घेऊन तिच्याजवळ जातो आणि ती मला सगळ्या मजल्यादेखत ‘गुंड्या’ म्हणते. माझं वय चौपन्न आहे.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. नर्सिंग होम त्यांच्या मालकीचं. त्या नेहमी उभ्याउभ्या, हातात गाडीची किल्ली घेऊन बोलतात, त्यामुळे त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला आपण काहीतरी गुन्हा करतोय असं वाटत राहतं.

‘चौथ्या मावशी चालल्या,’ त्या म्हणाल्या. ‘एकतीस तारीख शेवटची.’

इथे थोडा खुलासा हवा. आमच्याकडे आयांना मावशी आणि वॉर्डबॉयना मामा म्हणतात. नात्यांचा तुटवडा नाही, तुटवडा आहे तो माणसांचा. वरच्या मजल्यावर चार मावशी. नुसतं ‘अहो मावशी’ म्हटलं की चौघीही वळतात, नाहीतर एकही वळत नाही; म्हणून थोरल्या, मधल्या आणि धाकट्या अशी वाटणी झाली. चार वर्षांपूर्वी आणखी एक आल्या तेव्हा विशेषणं संपली होती, म्हणून त्या चौथ्या मावशी. आणि नियम असा की वरच्या मजल्याला चार मावशी हव्यातच. तीन झाल्या की तपासणी अधिकारी मजल्याला कुलूप लावतात.

नवीन माणूस मिळेल म्हणून आम्ही दोनदा जाहिरात दिली होती. त्या जाहिरातीवर एकच बाई आल्या, आणि त्यासुद्धा आपल्या सासूला दाखल करायला.

‘त्या गेल्या तर पहिल्या तारखेपासून वरचा मजला बंद,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘अठरा पेशंट दुसऱ्या शाखेत हलवावे लागतील.’

दुसरी शाखा बसने साडेतीन तासांवर आहे. साडेतीन तास म्हणजे आधी आठवड्याला एकदा, मग महिन्याला एकदा, आणि मग फोन. चाळीस कुटुंबांचं भेटीचं रजिस्टर माझ्याच ताब्यात असतं. हा उतार मला पाठ आहे. आत्याला घरी आणावं म्हटलं तर आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तिला उचलायला दोन माणसं लागतात. मी आणि बायकोने एकदा करून पाहिलं होतं. त्यात माझी कंबर आणि आत्याचा मान दोन्ही दुखावले, आणि आत्याच म्हणाली की मला परत सोड.

‘एक छानसा मेळावा घ्या वर्षअखेरीला,’ डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या. ‘स्टाफसाठी काहीतरी करमणूक ठेवा. मन रमलं की माणसाचा पाय निघत नाही. कल्पना काढा!’ आणि किल्ली वाजवत गेल्या.

आता माझा एक स्वभाव सांगितला पाहिजे. काळजी लागली की मला बसवत नाही. पाय आपोआप हलतो, मग उठतो, मग खिडकीशी जातो, मग परत येऊन जे पेन शोधत होतो ते हातातच आहे हे पाहतो. बायको म्हणते, ‘खुर्चीला काय खिळे आलेत?’ त्या महिन्यात मी ऑफिसात किती किलोमीटर चाललो असेन याचा हिशेब कोणी ठेवला असता तर मला एखादं पदक मिळालं असतं. चालता चालताच मी ती सूचना तयार केली:

‘सर्वांना कळविण्यात येते की, दिनांक ३१ रोजी दुपारी तीन वाजता तळमजल्यावरील दालनात वर्षअखेरीचा मेळावा होईल. कर्मचाऱ्यांची करमणूक हे मेळाव्याचे मुख्य आकर्षण राहील. तरी सर्वांनी आपल्या कल्पना लेखी स्वरूपात पेटीत टाकाव्यात.’

मी ती तीनदा वाचली. ऱ्हस्व-दीर्घ चोख होतं. औषधांच्या खोक्याला चीर पाडून पेटी केली, आणि बऱ्याच दिवसांनी मला जरा बरं वाटलं.

घरी हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, ‘त्या चौथ्या मावशींनाच विचार ना, काय हवंय ते.’ इतका सोपा सल्ला घेणं मला प्रशस्त वाटलं नाही. मी तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेलो. ते एका मोठ्या गोदामाचे निवृत्त व्यवस्थापक आहेत. बावीस वर्षं वार्षिक संमेलनं भरवली, असं ते स्वतःच सांगतात. दुसरं कोणी सांगत नाही.

‘संगीतखुर्ची!’ ते म्हणाले. ‘डोळे मिटून संगीतखुर्ची ठेवा. लहान-मोठे सगळे लहान होतात. आणि जादूगार आणा. जादूगाराशिवाय मेळावा म्हणजे…’ पुढची उपमा त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी मला पुन्हा बसवलं आणि एकोणीसशे कितीतरी सालच्या एका जादूगाराची हकिगत सांगितली. तो पेटीत गेला आणि पेटीचं कुलूप बिघडलं. ती हकिगत पाऊण तास चालली. जादूगारसुद्धा त्याआधी सुटला असेल.

दुसऱ्या दिवशी मी ती कल्पना चौथ्या मावशींवर सहज म्हणून टाकून पाहिली. त्या जिन्यात होत्या. एका हातात बादली, दुसऱ्या हातात तीन चादरी.

‘संगीतखुर्ची म्हणजे ते खुर्च्यांभोवती पळायचं आणि बसायला गेलं की खुर्ची काढून घ्यायची, तेच ना साहेब?’

‘हो, तेच.’

‘म्हणजे रोजचंच,’ त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

मी मागोमाग दोन पायऱ्या चढलो. ‘मावशी, तुम्ही का जाताय?’

त्या थांबल्या. ‘कारखान्यात पाकिटं भरायची आहेत. बसून काम आहे.’ मग बादली पायरीवर ठेवून, ‘आणि इथं मी आहे तरी कोण, साहेब? चौथी. मी गेले काय आणि पाचवी आली काय.’ मी ‘तसं नाही हो’ असं काहीतरी म्हणालो, जे कोणीही म्हटलं असतं.

शुक्रवारी पेटी उघडली. पंचेचाळीस चिठ्ठ्या! त्यातल्या एकेचाळीस पेशंटांच्या; कोणीतरी दोन टाकल्या होत्या. पहिलीत लिहिलं होतं, ‘दोन्ही मामांनी नाचावे.’ दुसरीत, ‘थोरल्या मावशींनी गाऊ नये.’ तिसरीत, ‘मोठ्या सिस्टरांना राणीचे काम द्यावे, त्यांना सराव आहे.’ उरलेल्या चार चिठ्ठ्या स्टाफच्या, आणि चारही चिठ्ठ्यांवर एकाच अक्षरात ‘नको’ लिहिलेलं.

हा काय घोटाळा आहे ते खाटेवरच्या हेडमास्तरांनी मला समजावून सांगितलं. हेडमास्तर म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे खाट नंबर सात. वय शहाऐंशी, पाय गेले पण व्याकरण शाबूत. माझी सूचना त्यांनी भिंग लावून वाचली होती.

‘अधीक्षक, “कर्मचाऱ्यांची करमणूक” यात षष्ठी आहे. कर्त्याची की कर्माची?’

‘म्हणजे?’

‘कर्मचारी करमणूक करणार, की कर्मचाऱ्यांना करमणूक मिळणार? “बायकोची काळजी” म्हटलं तर बायको काळजी करते की आपण बायकोची करतो?’

मी तिथेच गार झालो. इतकी वर्षं मी पत्रं लिहिली, पण षष्ठीने असा पाठीमागून घाव घालावा? पेशंट समजून बसले होते की स्टाफ नाचणार आहे. स्टाफलाही तेच वाटलं होतं. मोठ्या सिस्टर, ज्यांना मी आजवर कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, त्या माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, ‘सकाळी सहापासून उभ्या आहोत. आता नाचायचंपण?’ मी शुद्धिपत्रक काढतो म्हणालो. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला: ‘स्टाफ नाचणार आहे म्हणे? सुंदर कल्पना! मी पाहुण्यांना बोलावलंय.’

त्यातच ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचं प्रकरण निघालं. मी अर्जात सवयीने विषय लिहिला, ‘कर्मचाऱ्यांच्या करमणुकीकरिता’. करमणूक हा शब्द दिसताच सरकारी कचेरीतल्या ध्वनिक्षेपकाच्या खिडकीने माझा अर्ज करमणुकीच्या खिडकीकडे ढकलला. ती खिडकी दुसऱ्या इमारतीत. तिथले कारकून कानावर पेन्सिल ठेवून बसले होते. ती पेन्सिल त्यांनी तिन्ही खेपांत एकदाही वापरली नाही.

‘रकाना चार, कलाकार. रकाना पाच, प्रेक्षक. दोन्ही मोकळे,’ ते म्हणाले. ‘कोण कोणाची करमणूक करणार?’

प्रश्न नेमका तोच होता. मी म्हटलं, ‘कलाकार… कर्मचारी.’

‘ड्यूटीवर?’

‘हो.’

‘मग ते जादा काम झालं. कामगार खात्याचं पत्र आणा.’

तिकडे मी दीड तास थांबलो. कामगार खात्याने सांगितलं की नाच हा कामाचा भाग आहे असं डॉक्टरांनी लिहून द्यावं. मी परत खिडकीवर आलो.

‘बरं, कर्मचारी प्रेक्षक. कलाकार बाहेरून आणतो. एक जादूगार आहेत.’

‘परवाना?’

‘असेल.’

‘असेल नाही, आणा. दोन फोटो. ससा वापरतात का?’

‘माहीत नाही.’

‘वापरत असतील तर सशाचा पशुवैद्यकीय दाखला. नसतील वापरत तर तसं प्रतिज्ञापत्र.’

तिसऱ्या खेपेला माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. पाय खिडकीखाली इतका हलत होता की शेजारच्या रांगेतल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘अहो, कर्मचारी चालत नाहीत, बाहेरचे चालत नाहीत, मग उरलं कोण? पेशंट?’

हे मी चिडून म्हटलं होतं. कारकुनांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

‘मानधन?’

‘कसलं मानधन? नाही.’

‘वय?’

‘सरासरी एक्क्याऐंशी.’

‘अठराच्या वर आहेत ना? झालं तर मग,’ असं म्हणून त्यांनी रकाना चारमध्ये ‘रहिवासी, सर्व’ लिहिलं, रकाना पाचमध्ये ‘कर्मचारी, सर्व’ लिहिलं, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत शिक्का मारला. खाली छापील ओळ होती: सदर परवाना दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे.

लावला. करतो काय?

‘कर्माची षष्ठी!’ हेडमास्तर व्हीलचेअरवरून ओरडले. ‘मी म्हणत होतो!’ जेवणाच्या वेळेपर्यंत बातमी चाळीस खाटांवर पोचली, आणि जी माणसं गेली दोन वर्षं ‘आज कोणता वार?’ याच्यापुढे काही विचारत नव्हती ती समित्या नेमू लागली. मला कोणत्याही समितीत घेतलं नाही. कार्यक्रम काय आहे हे विचारलं तर हेडमास्तर म्हणाले, ‘गुप्त. तुम्ही पडदा बघा.’ म्हणजे तीस वर्षांच्या सेवेनंतर मी पडदा.

पुढचे पंधरा दिवस काय चाललं होतं ते माझ्या अजून नीट ध्यानात येत नाही. घंट्या मात्र दुप्पट वाजू लागल्या. मामा धावत जायचे, तर खाटेवरचे आजोबा म्हणायचे, ‘काही नाही. जरा परत दारापर्यंत जा आणि या बघू.’ नव्वदीच्या एक आजी मोठ्या सिस्टरांकडून विनाकारण दोनदा इंजेक्शन मागून गेल्या. थोरल्या मावशी चादर घालायला लागल्या की तीन-तीन म्हाताऱ्या मान लांब करून बघत. मला आत्याचाही भरवसा नव्हता. ‘तू काय करणार आहेस?’ विचारलं तर म्हणाली, ‘गुंड्या, तू डबा खा. तुला उशीर होतोय ना?’

एक दिवस हेडमास्तर आणि एक मामा लिफ्टमध्ये चाळीस मिनिटं अडकले. मामा बाहेर आले तेव्हा त्यांना सातही विभक्ती आणि संबोधन येत होतं. दुसऱ्या दिवशी सहा चादरी गायब झाल्या आणि समितीच्या ताब्यात सापडल्या. स्टाफचं काम हलकं व्हायच्या ऐवजी दीडपट झालं. वीस तारखेला चौथ्या मावशी माझ्या टेबलाशी आल्या.

‘एकतीसपर्यंत टिकले तर नशीब, साहेब,’ त्या म्हणाल्या. ‘परवा सोमवारपासूनच सोडायला मिळेल का?’

‘नाही हो!’ मी उभाच राहिलो. ‘एकतीसपर्यंत तरी थांबा. मेळावा तुमच्यासाठीच आहे.’

‘माझ्यासाठी?’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला सूचना पुन्हा एकदा तपासावीशी वाटली. पण थांबल्या. मी त्या दिवशी वर आत्याकडे गेलो तेव्हा नुसता उभा राहिलो आणि खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. साडेतीन तासांच्या त्या बसचं वेळापत्रक माझ्या खिशात होतं. सकाळची एक बस, दुपारची एक. दुपारची गाठली तर परतायची सोय नाही. हे तिला सांगायचं कसं, याची जुळवाजुळव करता करता दीड वाजला आणि मी खाली आलो.

एकतीस तारीख उजाडली. वरच्या अठरा जणांना खाली आणायला लिफ्टच्या नऊ फेऱ्या झाल्या, आणि त्या फेऱ्या केल्या स्टाफनेच. म्हणजे ज्यांची करमणूक करायची ते सुरुवातीलाच घामाघूम. डॉक्टरीणबाईंनी तिघे पाहुणे आणले होते आणि ते तिघेही आत येताच हळू आवाजात बोलू लागले. पहिल्या रांगेत स्टाफला बसवलं. त्यांना बसता येईना. कुठे खोकला आला की मधल्या मावशी अर्ध्या उठायच्या. घंटा वाजली की अख्खी रांग उभी राहायची. ती घंटा हेडमास्तर वाजवत होते, कार्यक्रम सुरू करण्यासाठी.

ध्वनिक्षेपक चालू केला, आणि तो शिट्टी मारू लागला. त्याला चौदा श्रवणयंत्रांनी साथ दिली. तीन खेपा घालून मिळवलेली परवानगी अशी कामी आली. शेवटी ध्वनिक्षेपक बंद करून हेडमास्तरांनी साध्या आवाजात प्रास्ताविक केलं, विषय षष्ठी, वेळ बावीस मिनिटं. दुसऱ्या रांगेतले चार कलाकार झोपी गेले. पडदा ओढायचं काम माझं. मी ओढला, तर दांडीसकट तो माझ्याच डोक्यावर आला, आणि मी चादरीतून बाहेर येईपर्यंत पहिला प्रवेश सुरू झाला होता.

नव्वदीच्या आजी मोठ्या सिस्टर झाल्या होत्या. हातात चमचा. त्यांनी खालच्या ओठाला दात लावला, डोळे बारीक केले आणि गोड आवाजात हेडमास्तरांना म्हणाल्या, ‘मुंगी चावेल हं, इवलीशी मुंगी,’ आणि चमचा असा खुपसला की हेडमास्तर खरंच ओरडले, ‘मुंगी नव्हे, मुंगळा!’

अख्खी पहिली रांग मोठ्या सिस्टरांकडे वळली. मी चादर धरून भिंतीला टेकलो. आता मोठ्या सिस्टरही जाणार, मला वाटलं. आता वरचा मजलाच काय, खालचाही बंद होणार. मोठ्या सिस्टरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला, आणि मग त्यांच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. त्या हसत होत्या. हसता हसता त्यांना समजलं की त्यांनी खालच्या ओठाला दात लावलेला आहे, आणि मग तर त्यांना आवरेना.

पुढे रीघच लागली. एक आजोबा मामा झाले: घंटा ऐकून दाराला पायाने धक्का, काय-हवं-राजे म्हणताना हात आधीच उशीखाली. दुसऱ्या आजी थोरल्या मावशी झाल्या आणि त्यांनी उशीला दोन धपाटे घातले. ‘पहिला उशीला, दुसरा सासूला,’ त्यांनी जाहीर केलं. ‘अगंबाई, हे यांना कसं कळलं!’ थोरल्या मावशी ओरडल्या. मधल्या मावशींचं जांभई गिळणं, धाकट्या मावशींचं बाटलीचं झाकण दातांनी उघडून इकडेतिकडे पाहणं, स्वयंपाकीणबाईंचं मीठ टाकून झाल्यावर आठवणीने परत मीठ टाकणं, काही सुटलं नव्हतं.

‘हे सगळं तुम्ही कधी पाहिलंत?’ मोठ्या सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या.

‘टीव्ही वर्षभर बंद आहे,’ हेडमास्तर म्हणाले. ‘आम्ही तुम्हालाच बघतो. दुसरं आहे काय बघायला?’

हे ते अगदी साधेपणाने म्हणाले, पण मोठ्या सिस्टरांनी पुन्हा डोळे पुसले.

शेवटी आत्याची खुर्ची पुढे आणली. तिने मनगटावरच्या नसलेल्या घड्याळात पाहिलं. खुर्चीच्या अगदी कडेला, जणू बसली न बसली अशी बसली. गुडघा हलवू लागली. हवेतला डबा उघडला. ‘बरं आहे ना? बरं आहे ना आत्या? बरं आहे ना?’ तीन वेळा, उत्तराला जागा न ठेवता. घड्याळ. दोन घास. खिडकी. घड्याळ. मग कानाशी हात नेऊन, ‘येतो हं आत्या, फोन वाजतोय खाली.’

सगळा हॉल माझ्याकडे वळून हसत होता. माझे कान तापले. फोन कधीच वाजत नसतो. खालच्या मजल्यावरचा फोन वरती ऐकू येत नाही, हे तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. इतक्या वर्षांत ती एकदाही काही बोलली नाही. मी हसलो, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं, पण मला मनातून फार लाज वाटली.

मेळावा संपला. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, पाहुणे आता मोठ्याने बोलत होते. चौथ्या मावशी मात्र इतक्या हसण्यातही हाताची घडी घालून बसल्या होत्या, आणि शेवटी तर उठून खुर्च्या आपटायला लागल्या होत्या. त्यांची पाळी सहाला संपायची, आणि ती त्यांची शेवटची पाळी. आत्याची खुर्ची त्यांनीच लिफ्टमध्ये घातली. मी आत घुसलो.

वर गेल्यावर त्यांनी आत्याला खाटेवर घेतलं, दोन माणसांचं काम एकटीने, आणि पांघरूण असं ओढलं की आत्या जवळजवळ दिसेनाशी झाली. बाकीचे सतरा जण परत येऊन आपापल्या खाटांवर पडत होते.

‘काय झालं, मावशी?’ मी विचारलं.

‘काही नाही.’ मग पांघरुणालाच म्हणाल्या, ‘सगळ्यांची केली. स्वयंपाकीणबाईंची केली, त्या तर वर येतपण नाहीत. साहेबांची केली. माझी नाही. चार वर्षं तुमच्या पाठीला साबण कोण लावतंय, आत्या?’

आत्याने पांघरूण हनुवटीखाली घेतलं. ‘तुझी येते मला. सगळ्यांत चांगली तुझीच येते.’

‘मग का नाही केली?’

‘तू चाललीस ना. जाणाऱ्या माणसाची नक्कल करू नये गं. मागाहून आपल्यालाच त्रास होतो.’

चौथ्या मावशी उशी हातात धरून उभ्या राहिल्या. खिशातलं वेळापत्रक मी मुठीत धरलं होतं. का ते मलाही कळलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

‘असं बोलतात होय?’ मावशी एकदम भडकल्या. त्यांचा आवाज नाकातून येत होता आणि डोळे भरले होते. ‘चालले चालले म्हणजे काय मेले का मी? आज फटकन बोललात, ठीक आहे. थांबा, उद्याऽऽ आंघोळीच्या वेळी बघते तुमच्याकडे!’

बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं. मलाही आलं. उद्या पहिली तारीख होती.

आत्याने पांघरुणातून एक हात काढला, कमरेवर ठेवला, मान तिरकी केली, आणि त्याच आवाजात, नाकातून, त्याच ‘उद्या’वर तसाच हेल काढून म्हणाली, ‘थांबा, उद्याऽऽ आंघोळीच्या वेळी बघते तुमच्याकडे!’

‘मी अशी बोलते होय?’ चौथ्या मावशींनी वळून मला विचारलं.

‘मी अशी बोलते होय?’ आत्या म्हणाली, आणि सतराच्या सतरा खाटा हसायला लागल्या.